पाणी प्यायलात का?

हॉस्पिटलमध्ये मशीनच्या खोलीत नेण्याआधी रोज एकच प्रश्न विचारायचे, "पाणी प्यायलात का?" मी मान हलवून हो म्हणायचे. ते खोटं असायचं. त्या खोट्यानं माझं काय झालं ते लिहून ठेवते आहे, कारण तोंडानं हे मी कोणालाच सांगू शकणार नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. माहेर गणेशपुरीकडचं, लग्न होऊन अंजूरला आले. लिहिताना मनगट दुखतं. माझी मुलगी तेजू म्हणते, "आई, मोबाईलवर बोल ना, तो आपोआप टाइप करतो." पण मोठ्यानं बोलता आलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

*

बरेच महिने माझ्या अंगावरून जात होतं. मी गोडाउनमध्ये पॅकिंगला होते. तिथल्या बाया म्हणाल्या, पाळी जायच्या वयात असं होतंच, उष्णता असेल, सब्जा खा. मी सब्जा खाल्ला. मग एक दिवस खोक्याला चिकटपट्टी लावताना पायातून ओघळ आला. मी तशीच खोक्याच्या आड बसून राहिले. बाकीच्या निघून गेल्यावर उठले.

भिवंडीच्या लेडीज डॉक्टरनं आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर तिनं ठाण्यापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. तिथल्या डॉक्टरांनी माझ्याकडे नाही, माझ्या नवऱ्याकडे बघून सांगितलं, "पिशवीच्या तोंडाला कॅन्सर आहे. ऑपरेशनच्या पुढे गेलाय. रेडिएशन द्यावं लागेल, सोबत आठवड्याला एक केमोचं सलाईन." रेडिएशनला कोणी लाईट म्हणतं, कोणी शेक म्हणतं, हिंदी बोलणारे सिकाई म्हणतात. मला त्यातलं काहीच कळलं नाही. मी फक्त डॉक्टरांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत होते. काचेखाली त्यांच्या लहान मुलाचा फोटो होता.

आमचे हे गोडाउनचा टेम्पो चालवतात. संध्याकाळी ते जेवायला बसले, एक घास खाल्ला आणि म्हणाले, "आमटीत मीठ न्हाय." मी मीठ आणायला उठले तोवर ताट तसंच ठेवून ते बाहेर टेम्पोत जाऊन बसले. मी चव घेऊन बघितली. मीठ बरोबर होतं.

*

शेक लगेच देत नाहीत. आधी प्लॅनिंग होतं. मला अख्खी बाटलीभर पाणी प्यायला लावलं, थांबायला लावलं आणि मग एका सरकत्या फळीवर निजवून मोठ्या कड्यातून आत-बाहेर केलं. बेंबीखाली मध्ये एक आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक असे सुईनं निळे टिपके गोंदले. त्यांनी सांगितलं की रोज याच टिपक्यांवर मशीन जुळवणार आणि रोज असंच भरलेलं पोट घेऊन यायचं. लघवी धरून ठेवायची. मी हो म्हटलं. काही विचारलं नाही.

घरी सासूबाईंनी टिपके बघितले. त्यांच्या दोन्ही हातांवर गोंदण आहे, तुळस आणि सीतेचं स्वयंपाकघर.

"सोनं हितंच राहतं बाय," त्या म्हणाल्या, "गोंदन तेवढं बरोबर येतं."

त्या चांगल्या मनानं बोलल्या. पण मला ते असं ऐकू आलं की वर जायची तयारी झाली.

*

आता मला पाण्याचं सांगायचं आहे.

मी लहान असताना आई बाजाराला निघाली की माझ्या हातातला तांब्या काढून घ्यायची. "वाटंत कुठं बसशील?" म्हणायची. लग्नानंतरही तेच. गोडाउनला बायांचा संडास होता, पण पार मागे, कंटेनर लागतात त्या बाजूला. तिथं ड्रायव्हर, क्लीनर बसलेले असायचे. कोणी उठली की त्यांच्या माना वळायच्या. म्हणून आम्ही सगळ्या पूर्ण शिफ्ट पाण्याशिवाय काढायचो. जेवणानंतर घोटभर, घसा ओला होईल इतकंच. आमच्यातली एखादी जास्त प्यायली तर दुसरी म्हणायची, "काय गो, पोटात म्हैस पाळलीस काय?" आणि सगळ्या हसायच्या. आम्हाला ती सवय आहे असंही कधी वाटलं नाही. बाई घराबाहेर पडली की पाणी पीत नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

अशा बाईला कोणी सांगितलं, पोट फुटेस्तोवर पाणी पी आणि पुरुषांनी भरलेल्या हॉलमध्ये बसून राहा.

पहिले काही दिवस मी प्यायले. हॉस्पिटलात पोचून, तेजूसमोर, बाटली संपवायचे. नंबर यायचा, होऊन जायचं. आत गार असायचं. मशीनवरचे सलीमभाई पायावर चादर टाकून म्हणायचे, "मौसी, हिलना नहीं. साँस आराम से." आणि सगळे बाहेर पळायचे. जाड दार बंद व्हायचं. आत मी एकटी, आणि ते मशीन माझ्याभोवती फिरायचं. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर काही होतंय असं तरी वाटलं असतं.

मग तो दिवस आला. मी पाणी पिऊन बसले आणि मशीन बंद पडलं. सलीमभाईंनी हॉलमध्ये येऊन सांगितलं, "थोडा टाइम लगेगा." थोडा म्हणजे किती ते त्यांनाही माहीत नव्हतं. तेजू औषधाच्या रांगेत गेली होती. माझ्या एका बाजूला घशाच्या आजाराचे एक म्हातारे बाबा, दुसऱ्या बाजूला एक तरुण माणूस, समोर सगळे पुरुष. मला उठून संडासात जाता आलं असतं. पण मला वाटलं, आता गेले आणि तेवढ्यात नाव पुकारलं तर? पुन्हा पाणी, पुन्हा थांबणं, आणि सगळ्यांसमोर ओरडा. मी पायावर पाय घट्ट धरून बसले. देवाचं नाव घेतलं. मग नाव घेणंही होईना.

खुर्ची लोखंडी होती, भोकांची. पाणी खाली पडल्याचा आवाज आला.

तो तरुण माणूस दचकून पाय वर घेऊन बसला. बाबांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. झाडूवाली मावशी पोछा घेऊन आली आणि माझ्या पायाखालून पुसायला लागली. मी पाय उचलले. तेवढंच मला करता आलं.

तेजूनं ओढणी सोडून माझ्या कमरेला बांधली. ओल्या साडीनं मी बसमधून घरी आले. काल्हेरला गाडी अडकली, पुढे कंटेनर आडवा झाला होता. सीट रिकामी असून मी उभी राहिले. तेजू म्हणाली, "आई, बस ना." मी तिच्यावर खेकसले, "गप बस!" तिला मी असं कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी पिणं सोडलं.

*

बाटली मी घेऊनच जायचे. बेसिनमध्ये ओतायचे आणि रिकामी हातात धरायचे. "पाणी प्यायलात?" "हो." आत घ्यायचे, मशीन फिरायचं, बाहेर. मला वाटलं पाणी म्हणजे पथ्य असेल, उपासाला भात चालत नाही तसं. न पाळलं तर पाप लागेल फार तर. शरीराचं काही होईल हे मनातही आलं नाही.

आठवड्यात एकदा शेकाआधी आतला फोटो काढायचे. त्या दिवशी मी पकडले गेले. सलीमभाई म्हणाले, "मौसी, ब्लॅडर तो खाली है." मी म्हटलं, येताना राहवलं नाही, जाऊन आले. त्यांनी पुन्हा पाणी पाजलं, जेमतेम धरवेल तेवढं झालं आणि घेतलं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बेसिन.

मग जुलाब सुरू झाले. ते सगळ्यांना होतात असं डॉक्टर म्हणाले होते. पण मला झाले ते मी लिहू शकत नाही इतके झाले. पोटात कोणी निखारे फिरवतंय असं वाटायचं. मागची बाजू सोलून निघाली. ताकभात खाल्ला तरी तसाच बाहेर. मी भिंतीला धरून चालायला लागले. ज्या रस्त्यावर संडास नाही म्हणून जन्मभर पाणी टाळलं, त्याच रस्त्यानं आता जुलाब घेऊन जायचं होतं. मग मी खाणंही सोडलं.

हे रोज विचारायचे, "त्या तुझ्या ह्याचं काय झाला आज?" आजाराचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. आणि बाहेर टेम्पोत झोपायचे. म्हणायचे, घरात गरम होतं. सासूबाई माझं ताट वेगळं ठेवायला लागल्या. तेजूनं ते ताट उचलून सगळ्यांच्या ताटांत घातलं, त्यांनी पुन्हा वेगळं काढलं. त्या दोघींचं माझ्यावरून भांडण व्हायचं आणि मी आतल्या खोलीत कुशीवर पडून ऐकायचे. तेजूच्या कॉलेजची फक्त फी भरली जात होती, जाणं होत नव्हतं. माझे कपडे तीच धुवायची.

मला मरावंसं वाटत होतं. हे स्पष्टच लिहिते, कारण पुस्तकात आणि भाषणात आजारी माणसं फार धीराची असतात. मी नव्हते. मी खाडीकडे बघत बसायचे आणि वाटायचं, भरतीला किती सोपं असेल. एक दिवस तेजूला म्हटलं, "उद्यापासून मी येत नाही. जे व्हायचं ते होऊ दे."

ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "ठीकाय. मग मीपण कॉलेज सोडते. दोघी मिळून घरात बसू. आजीला ताटं मोजायला मजा येईल."

मी हसले. हसताना पोटात कळ आली. दुसऱ्या दिवशी गेले.

*

त्या दिवशी पुन्हा फोटो काढला आणि मला मशीनवरून उतरवलं. सलीमभाई म्हणाले, "मौसी, आज नहीं. प्लॅनिंगवाली मॅडम बुला रही हैं." मला वाटलं, संपलं. आता म्हणतील, घरी जा.

तेजूला घेऊन मी आत गेले. खोलीला खिडकी नव्हती. तीन-चार कम्प्युटर आणि एक तिशीची बाई, केसांना पेन्सिल खोचलेली. तिचं नाव नीलम. रेडिएशन कुठून, किती, कसं जाईल याचा आराखडा करणं हे तिचं काम. ती पेशंटना कधी भेटत नाही, हे मला नंतर कळलं. तिच्याकडे फक्त फोटो येतात.

"तुम्ही वंदनाताई ना? मी तुमचं पोट आतून पाठ केलंय, तोंड आज बघतेय," ती म्हणाली. हसून नाही, जरा रागातच. "पाणी का नाही पीत तुम्ही?"

मी म्हटलं, "पिते."

तिनं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "हे तुम्ही, पहिल्या दिवशीच्या. पाव कापतात तशा चकत्या आहेत. एकेका चकतीवर मी रेषा काढलीय. हा पिवळा, लघवीचा फुगा. भरलाय म्हणून आतडी वर ढकलली गेलीत. ती वर आहेत, या भरवशावर मी किरणांचा रस्ता काढला." मग दुसरा फोटो लावला. "हे आज. फुगा नाहीच. आतडी खाली उतरून थेट रस्त्यात येऊन बसलीत. मी हायवे काढला आणि त्यात गाव येऊन बसलं, असं झालंय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडं गाव आधीच होतं. हायवे नंतर आला."

तिनं माझ्याकडे बघितलं. "कुठलं गाव?"

"अंजूर."

"मी पडघ्याची," ती म्हणाली. तिच्या आवाजातला राग गेला. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. "आता खरं सांगा. कोणाला सांगत नाही."

मी सांगितलं. खुर्चीतून पडलेल्या पाण्याच्या आवाजापर्यंत सगळं. तिच्याकडे न बघता, पेन्सिलीकडे बघून सांगितलं. मग म्हणाली, "मी रोज पडघ्याहून येते. घरून निघताना चहासुद्धा पीत नाही. हायवेला बस अडकली तर उतरायचं कुठं? मला स्टोन झालाय त्यानं. आणि मी तुमच्या कागदावर लिहिते, एक बाटली पिऊन थांबावे. लिहिताना एकदाही डोक्यात आलं नाही हो."

तेजू म्हणाली, "घरी माहितेय तुम्ही काय काम करता?"

"आईला सांगितलं प्लॅनिंग करते. ती म्हणाली, मग लग्नाचं कर की."

आम्ही तिघी हसलो. मग मला विचारायचं होतं ते विचारलं. त्याशिवाय मला झोप आली नसती.

"मॅडम, ते दिवस, पाणी न पिता गेलेले. त्यांचं काय?"

तिनं केसांतली पेन्सिल काढून हातात धरली. मला वाटतं खोटं बोलायचं की नाही याचा विचार करत असेल. मग म्हणाली, "ते परत घेता येत नाहीत. आतड्यांना जे लागलं ते लागलं. गाठीलाही ते दिवस ठरवल्यासारखे मिळाले असतील की नाही, मी शंभर टक्के नाही सांगू शकत. आता तुम्हाला झेपेल तेवढंच पाणी पाजून पुन्हा स्कॅन करू. अर्धी बाटली तर अर्धी. त्याच्यावर नवीन प्लॅन बसवते. डॉक्टरांशी मी बोलते."

मला तिचा राग आला नाही. इतक्या महिन्यांत माझ्याकडे बघून खरं सांगणारी ती पहिली होती. पण घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून ओरडले. बेसिनमध्ये मी पाणी ओतत नव्हते, माझाच जीव ओतत होते.

*

नवीन प्लॅन होईपर्यंत शेक बंद होता. ते दिवस सगळ्यात वाईट गेले. आधी जायचं नव्हतं, आता जाता येत नाही म्हणून जीव तुटायचा.

पुन्हा सुरू झाल्यावर अर्धी बाटली प्यायचे आणि बसायचे. आणि व्हायचं तेच झालं, मशीन पुन्हा अडलं. हॉल भरलेला. माझे पाय आपोआप एकमेकांवर गेले. कानात तो आवाज यायला लागला. मी उठले. तोंड उघडलं तर आवाज निघेना. दुसऱ्यांदा निघाला, आणि नको तितका मोठा निघाला.

"भाऊ, मला लघवीला लागलीय!"

सगळा हॉल वळला. सलीमभाई दारातून म्हणाले, "तो जाओ ना मौसी! अभी घंटा लगेगा. आके फिर पीना." एवढंच. एक बाई कोपऱ्यातून उठली आणि माझ्या मागोमाग आली. म्हणाली, "बरं झालं बोललात. मी सकाळपासून धरून बसलेय."

याच्यासाठी मी आतडी जाळून घेतली होती.

*

बाहेरचा शेक संपला. मग आतून देतात तो झाला. त्याबद्दल मी लिहिणार नाही. ज्या बाईला तो घ्यावा लागेल तिनं फक्त एवढं ऐकावं, की गुंगीचं औषध मागा, आणि मागताना लाजू नका.

तपासणीला आमचे हे आले. तेजूची परीक्षा होती. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी हातानं तपासलं, फोटो बघितले. म्हणाल्या, "बरंच गेलंय. पण एका जागी काहीतरी लागतंय. शेकाचा व्रण आहे की आजार उरलाय, आत्ता सांगता येत नाही. काही महिन्यांनी पुन्हा बघू." मी विचारलं, "मी पाणी प्यायले नव्हते त्यामुळं?" त्या म्हणाल्या, "असं नाही सांगता येत, वंदनाताई." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना पाण्याचं काहीच माहीत नव्हतं.

परतताना टेम्पोत मी त्यांना सगळं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं सलग कधी बोलले नव्हते. ते समोर रस्त्याकडे बघत होते. कशेळीच्या पुलाआधी गाड्या थांबल्या. शेकापासून मला धरवत नाही. मी म्हटलं, "मला जायचंय."

पूर्वी मी बोलले नसते. त्यांनी इंडिकेटर दिला, मागचा ट्रक हॉर्न मारत होता, याला शिवी, त्याला हात, असं करत टेम्पो पेट्रोल पंपात घातला. पंपावरच्या माणसाला ओरडून विचारलं, "बायांचा संडास कुठं हाय? चावी दे." त्यानं दाखवलं. दाराला कडी नव्हती.

"जा तू," हे म्हणाले, "मी दार धरतो."

मी आत गेले. काम झालं तरी उठवेना. भिंतीला डोकं टेकलं आणि रडायला लागले, आवाज दाबून, पण पत्र्याच्या दारातून ऐकू जातच असणार. महिने काढायचे होते. काय उरलंय ते कळायला महिने.

"झाला का?" बाहेरून आवाज आला.

"थांबा जरा," मी म्हटलं.

दार हललं नाही.

"थांबलोय," ते म्हणाले.